अर्लीनने निवडलेली चाचणी

सॉयर्स कोव्हमध्ये अर्लीन कारव्हरला काही शिकवायला सहसा कुणी जात नसे. गेलाच एखादा, तर तोच चार गोष्टी ऐकून परत येई. दुकानात लोणी कुठल्या आठवड्यात स्वस्त होणार, कुठल्या गॅरेजवाल्याने कुणाला कसं गंडवलं, शेवंडाच्या पिंजऱ्याला कोणती दोरी टिकते, हे सगळं तिला ठाऊक असे. आणि जे ठाऊक नसे ते तिच्या मते जाणून घेण्याच्या लायकीचं नसे. बाई मनाने वाईट नव्हती. कुणाच्या घरी आजारपण आलं की बीन्सचं गरम भांडं घेऊन पहिली तीच दारात उभी राहायची. पण भांडं ठेवता ठेवता तुमचं कुठे चुकलं तेही सांगून जायची. त्यामुळे लोक बीन्स घेत आणि दार जरा लवकर लावून घेत.

तिचा नवरा वेंडेल शेवंडं पकडायचा. थंडीत बोट किनाऱ्यावर ओढली की घर अर्लीनच्या हातांवर चाले, आणि ते हात नोव्हेंबरात फरच्या झाडांचे शेंडे खुडत. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या पूर्व टोकाला निम्मी गावं तेच करतात. शेंडे खुडायचे, लोखंडी कड्यावर तारेने घट्ट बांधायचे आणि नाताळात दारावर लावायचे हिरवे गोल हार करून शहरांकडे पाठवायचे. त्यातला एक नियम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे: तीन रात्री जमीन कडक गोठल्याशिवाय शेंड्याला हात लावायचा नाही, नाहीतर हार गिऱ्हाइकाच्या दारी पोचायच्या आत सुयांसारखी पानं गळून पडतात. नियम खराच आहे. अर्लीनने त्याला आपल्या पदरचं एक कलम जोडलं होतं, की तीन रात्री जमीन गोठली की जंगलातल्या गोचिडीही मेल्या. ही समजूत तिच्या एकटीची नव्हती, तिकडे पुष्कळ जण आजही तसंच धरून चालतात. गोचिडींना मात्र हे कुणी कळवलेलं नाही. हरणांवरच्या त्या तिळाएवढ्या गोचिडी नोव्हेंबरातही जरा ऊन पडलं की झुडपांच्या टोकांवर येऊन बसतात.

त्या वर्षी तिने विनीला बरोबर नेलं. विनी ही या नवरा-बायकोला उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची, अंगाने काटकुळी आणि तोंडाने अखंड चालू. उन्हाळ्यात ती गवतातून आली की अर्लीन तिला न्हाणीघरात उभी करून केसांच्या मुळांपासून टाचांपर्यंत तपासायची, त्यात हयगय नसे. नोव्हेंबरात तिने तपासलं नाही. दिवसभर विनी खुडलेल्या शेंड्यांच्या ढिगावर लोळत होती, दुपारी त्यातच झोपलीही. गुडघ्यामागची गोचीड दिसली ती दोन दिवसांनी, आंघोळीच्या वेळी, रक्त पिऊन टम्म फुगलेली. अर्लीनने वेंडेलच्या बारीक पकडीने ती उपटली आणि चुलीत टाकली. कुत्र्यावरची असेल, असं म्हणाली. घरात कुत्रा नव्हता.

रविवारी जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट सहज निघाली, आणि रोवेनाने घास खाली ठेवला. रोवेना ही वेंडेलची मोठी बहीण. तिचं आणि अर्लीनचं नातं कुठल्याही नणंद-भावजयीचं असतं तसंच होतं: एकमेकींवाचून करमत नसे आणि एकमेकींचं पटत नसे. लाइम हा तिकडचा घरोघरचा आजार आहे. गोचीड चावते, मग काही दिवसांनी लाल चट्टा उठतो, किंवा उठतच नाही. ताप येतो, अंग मोडून जातं, आणि दुर्लक्ष झालं तर महिन्यांनी सांधे धरतात. रोवेनाला हा आजार असल्याचं देशाच्या दुसऱ्या टोकावरच्या एका खासगी प्रयोगशाळेने कळवलं होतं. तेव्हापासून ती कसल्या कसल्या पुड्या खायची आणि त्या प्रयोगशाळेच्या नावाने शपथ घ्यायची. विनीचं रक्त आजच्या आज तिकडे पाठव, असा तिने धोशा लावला. अर्लीनने विचारलं की त्या प्रयोगशाळेतून आजवर कुणाला आजार नाही असं उत्तर आलंय का. रोवेनाला तसं एकही माणूस आठवेना. शिवाय तिथे जे पैसे लागत, त्यात वेंडेलच्या बोटीची डागडुजी झाली असती.

तरी अर्लीन घाबरली. दुसऱ्या दिवशी ती विनीला घेऊन गावच्या दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर लिंडक्विस्ट इथे राहून म्हातारे झाले होते, पण गावाच्या लेखी अजून बाहेरचेच होते. त्यांनी गोचीड पाहायला मागितली. ती चुलीत गेली होती. त्यांनी सांगितलं, की लगेच आणली असतीस तर एक डोस देऊन ठेवता आला असता, ती वेळ आता टळली. रक्त मात्र इतक्यात तपासायचं नाही. आजाराशी लढताना शरीर ज्या खुणा रक्तात सोडतं, त्या उमटायलाच काही आठवडे लागतात. महिनाभर डोळ्यांत तेल घालून पोरीवर लक्ष ठेव. चट्टा उठला तर तपासणीशिवायच औषध सुरू करू. ताप आला, तोंड वाकडं झालं, सांधा सुजला, काहीही झालं तर घेऊन ये. तेव्हा नेहमीची दोन टप्प्यांची तपासणी करू. ती भरवशाची आहे, आणि मुलांच्या सरकारी विम्यात बसते, तुला काही पडणार नाही.

"म्हणजे आज काहीच करायचं नाही," अर्लीन म्हणाली.

"वाट बघायची."

"वाट बघायला डॉक्टर कशाला लागतो? ती मी घरीही बघते."

आणि ती पोरीला घेऊन निघून आली. डॉक्टर मागून काहीतरी म्हणाले ते तिने ऐकलं नाही.

आता अर्लीनचा एक स्वभाव सांगायला हवा. महाग वस्तूवर तिचा विश्वास नव्हता, आणि फुकट वस्तूवर तर मुळीच नव्हता. बूट असोत, इस्त्री असो, ती नेहमी मधल्या किमतीचं घ्यायची आणि त्यात आपण दोन्हीकडच्या मूर्खांवर मात केली असं समजायची. बऱ्याचदा तसं असायचंही. म्हणून रोज हार बांधून झाले, तारेने चिरलेल्या बोटांना मलम लावलं, की ती संगणकासमोर बसून चाचण्या शोधू लागली. तिसऱ्या दिवशी तिला हवी ती सापडली. टपालाने घरी डबी येते, मुलाच्या बोटाला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घ्यायचे, डबी परत पाठवायची, उत्तर घरी येतं. रोवेनाच्या प्रयोगशाळेसारखी लूट नाही, आणि डॉक्टरसारखं नुसतं बसा म्हणणंही नाही. डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलं होतं, की चावल्यानंतर काही आठवड्यांच्या आत केलेल्या तपासणीवर विसंबून राहू नये. अर्लीनने ते वाचलं. वाचलं नाही असं ती पुढे कधी कुणाला म्हणाली नाही. हे वकील लोक लिहून ठेवतात, असं तेव्हा तिला वाटलं, आणि तिने विनीचं बोट धरून टोचलं.

आजार नाही, असं उत्तर आलं. सुंठीवाचून खोकला गेला. अर्लीनने रोवेनाला फोन करून सांगितलं, दवाखान्याच्या खिडकीशी थांबून तिथल्या मुलीला सांगितलं, आणि गावातल्या आणखी दोघी-तिघींना तीच डबी मागवून घ्यायचा सल्ला दिला. महिनाभर लक्ष ठेवायचं होतं, ते आता कशाला ठेवायचं? विनी एकदा म्हणाली की गुडघ्यामागे खाजतंय. लोकरी पायमोज्यांनी खाजत असेल, असं उत्तर अर्लीनने हातातली तार न सोडता दिलं.

डिसेंबरात हारांची घाई असते. त्या घाईत विनीला ताप आला आणि गेला. मग ती शाळेतून आली की कोचावर पडून राहू लागली. एरवी अखंड चालणारं तोंड जेवतानाही बंद. वेंडेलने एकदा म्हटलं की पोरगी बरी दिसत नाही. अर्लीनने फ्रीजवर लावलेल्या उत्तराकडे बोट दाखवलं. कंटाळा हा या घराण्यात नवा आजार आलाय, असंही ती म्हणाली. वेंडेल गप्प बसला. तो गप्प बसणाऱ्यांतलाच होता, आणि त्याचंही त्याला पुढे वाईट वाटायचं होतं.

जानेवारी-फेब्रुवारीत त्या भागात दुसरं काही नसतं, फक्त बास्केटबॉल. बर्फाने रस्ते बंद असले तरी शाळांच्या व्यायामशाळा भरलेल्या असतात, आणि चौथीतल्या मुलींचा सामनाही लोक असा बघतात की जणू त्यावर कुणाचं घर चालणार आहे. विनी संघात होती. गेल्या वर्षी ती सगळ्यांत जास्त पळायची. त्या संध्याकाळी ती अर्ध्या सामन्यातच बाकावर जाऊन बसली, आणि प्रशिक्षक बाईंना म्हणाली की पाय दुखतोय. अर्लीनने हे वरच्या पायऱ्यांवरून पाहिलं. आजूबाजूच्या बायकाही पाहत होत्या, आणि त्यांतल्या एकीने विचारलं की विनीला काय झालं.

अर्लीन पायऱ्या उतरून खाली गेली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती प्रशिक्षक बाईंना म्हणाली, "काही झालेलं नाही तिला. रक्त तपासून घेतलंय मी. नाटकं आहेत. पाठवा तिला आत."

विनीने आईकडे पाहिलं. मग उठली आणि आत गेली. शेवटपर्यंत खेळली, पण पळताना एक पाय जरा ओढत होती. कारव्हर लोक असे लंगडत नाहीत, असं अर्लीन शेजारणीला म्हणाली आणि हसली.

सकाळी विनी जिना उतरेना. अर्लीन हाका मारून दमली आणि चिडून वर गेली. पोरगी पलंगाच्या कडेला बसली होती. उजवा गुडघा सुजून मोठ्या संत्र्याएवढा झाला होता, कातडी ताणून चकाकत होती. विनी रडत नव्हती. म्हणाली, "शाळेत जाते मी. फक्त बूट घालून दे."

दवाखान्यात डॉक्टर लिंडक्विस्टनी गुडघ्याला हात लावला. कधीपासून दुखतंय, असं त्यांनी विनीला विचारलं. विनीने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं की दुखत नाही. डॉक्टरांनी गुडघा अगदी थोडा वाकवला. पोरीचा रंग उडाला, पण तोंडातून आवाज निघाला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हळू.

"नाताळच्या आधीपासून," विनी म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस बाळा?"

"सांगितलं होतं. पण माझ्या रक्तात नाहीये. तरी मला दुखायचं. मला वाटलं मी खोटारडी झालेय."

अर्लीन दारापाशी कोट धरून उभी होती. तिला वाटलं, आत्ता या डॉक्टरने आपल्याला चार शिव्या दिल्या तर बरं होईल. डॉक्टरांनी फक्त विचारलं की ती चाचणी कधी केली होतीस. तिने खरं ते सांगितलं, की तुमच्याकडून गेले त्याच आठवड्यात मागवली. त्यांनी मान हलवली. वरण चढवून दोन मिनिटं झाली नाहीत तोच डाळ शिजली का म्हणून बघण्यासारखं झालं होतं. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी विनीच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त घेतलं, आणि इस्पितळाच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. दोन्ही टप्प्यांवर आजार असल्याचं उत्तर आलं. चार आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, सांधाही सुधारतो, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. अर्लीनने एक पैसाही दिला नाही. दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहून ती पर्स उघडत होती आणि तिथली मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती की काही द्यायचं नाही. पैसे द्यावे लागते तर तिला सोपं गेलं असतं.

त्या चार आठवड्यांत गावाला अर्लीनचा आवाज ऐकू आला नाही. दुकानात लोणी स्वस्त होतं तरी तिने कुणाला सांगितलं नाही. व्यायामशाळेच्या दिशेचा रस्ता ती टाळू लागली. मात्र ज्यांना तिने ती डबी मागवायला सांगितलं होतं त्या बायकांच्या घरी ती एकेक करून गेली, आणि दारातच उभी राहून म्हणाली की मी सांगितलं ते चूक होतं, इतक्या लवकर तपासून काही कळत नाही, लिंडक्विस्टकडे जा. एकीने तिला आत बोलावून कॉफी दिली. अर्लीनला ती पिता आली नाही.

रोवेना आली तेव्हा अर्लीन टोमण्याची तयारी करूनच बसली होती. एवढी आयती संधी रोवेनाने आयुष्यात कधी सोडली नव्हती. पण तिने नुसती गुळाच्या पाकातली बिस्किटं टेबलावर ठेवली, विनीच्या शेजारी बसून तिचे केस विंचरले. अर्लीनला ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं. भांडी घासताना तिने स्वतःच विषय काढला.

"बोल ना काहीतरी. मी तिला भर लोकांत खोटं पाडलं, रोवेना. ती लंगडत होती आणि मी हसले."

रोवेनाने फडकं पिळलं. "मी तुला घाबरवून सोडलं, तू त्या डबीच्या उत्तराने स्वतःला गप्प केलंस," ती म्हणाली. "पोरीला कुणीच विचारलं नाही. मीही नाही." मग तिने जुनं पालुपद लावलंच. गोळ्या संपल्या की एकदा माझ्या प्रयोगशाळेत रक्त पाठव, आजार गेला की नाही ते पक्कं कळेल. पैसे मी घालते.

आणि गंमत म्हणजे अर्लीनला ते पटलं. किती का पैसे पडेनात, कुठूनतरी कुणीतरी लिहून द्यावं की विनी बरी झाली, म्हणजे तिचा अपराध थोडा तरी हलका झाला असता. गोळ्या संपल्या तेव्हा ती हे डॉक्टरांना विचारायला गेली. सूज उतरली होती, विनी चालत होती. डॉक्टर म्हणाले की आता कुठेही रक्त पाठवू नकोस, त्या महागड्या जागी नको, आणि माझ्याकडेही नको. रक्तातल्या त्या खुणा पोरगी ठणठणीत झाली तरी वर्षानुवर्षं राहतात. त्यावरून ती बरी झाली की नाही हे कुणीच सांगू शकत नाही.

"मग कळायचं कसं?"

"तिला विचारायचं. दर थोड्या दिवसांनी. आणि ती सांगेल ते मला येऊन सांगायचं."

अर्लीनला वाटलं, यापेक्षा अवघड काम या माणसाला सांगता आलं नसतं. घरी येईपर्यंत ती मनात वाक्य जुळवत होती. विनी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून गणितं सोडवत होती. बाहेर छपरावरचं बर्फ वितळून ठिबकत होतं. अर्लीनने कोट काढला, हात धुतले, उगाच एक भांडं इकडचं तिकडे केलं. मग म्हणाली, "विनी, गुडघा दुखतोय का?"

विनीने मान वर केली. "रक्तात काय आलं?"

"रक्त तपासलं नाही. आता तपासायचंच नाहीये. तू सांग."

विनी गोंधळली. तिने टेबलाखाली गुडघ्याकडे पाहिलं, मग नेहमीसारखं आईच्या चेहऱ्याकडे. तिच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता, की राग नव्हता.

"मग मला कसं कळणार?" तिने विचारलं.

अर्लीनला कळलं: या मुलीला हे आपणच शिकवलं, दुसऱ्या कुणी नाही. तिने खुर्ची ओढली, विनीच्या समोर बसली आणि तिचा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"हळूहळू वाकवून बघ," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघत नाही."

आणि तिने मान वळवून खिडकीकडे केली. विनीने पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. अर्लीनने मान वळवली नाही.